मला टेबल व्हायचे नाही

मित्रांनो, माझ्यावरची चादर पाहून तुम्ही मला टेबल समजला असाल. मी एक जुनी, पायाने चालवायची शिवणाची मशीन आहे. आणि खरे सांगते, मला स्वस्थ बसणे जमत नाही.

लोखंडी पाय, लाकडी फळी आणि वर काळे चकचकीत डोके, असे मला एका कारखान्यात जोडले. तिथून मी थेट एका नव्या संसारात आले. नवरा बस चालवायचा आणि बायको मला. त्याचा दिवस रस्त्यावर जायचा, आमचा खिडकीपाशी. फ्रॉक, शर्ट, उशांचे अभ्रे, काय काय शिवले आम्ही! शेजारणी म्हणायच्या, "हिची शिवण उसवायची म्हणजे घाम निघतो बाई." ते कौतुक मी माझेच समजायचे. थांबायचे झाले की ती नुसता तळहात चाकावर टेकवायची. मी जागच्या जागी उभी.

मग ती आजारी पडली आणि गेली.

माझ्यावर चादर आली. चादरीवर औषधांचा डबा आला, मग जुनी वर्तमानपत्रे, मग न घडी केलेले कपडे. त्याची नोकरी आधीच संपली होती. खोलीत आम्ही दोघेच. तो खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय फरशीवर दाबायचा, जणू बसथांबा आला आहे आणि ब्रेक लावायचा आहे. मला ते बघवत नसे. माझेही चाक अडकून पडले होते.

लेक यायची आणि म्हणायची, "बाबा, आता आराम करा हो." तिनेच एक हॉटेलवाला आणला. त्याने चादर उचलून माझे पाय ठोकून पाहिले. "झकास आहेत. वर काच टाकली की चहाचं टेबल! डोकं देऊ भंगारात. रविवारी टेम्पो आणतो."

"बघा तुम्हीच," एवढेच माझा घरधनी म्हणाला. त्या दिवसापासून जिन्यात पाऊल वाजले की मला धडकी भरायची.

रविवार जवळ आला असताना वरच्या मजल्यावरची नर्स दारात उभी राहिली. कित्येक महिने ती परगावी होती, तिला काहीच ठाऊक नव्हते. "काका, काकू आहेत ना? बॅगेचा पट्टा निघालाय. उद्या ड्युटीला हवी."

त्याने तोंड उघडले. 'ती गेली' हे एक वाक्य त्याच्याच्याने बोलवेना. "ठेव. होईल," म्हणाला, दार लावले आणि बॅग छातीशी धरून तसाच उभा राहिला.

मग चादर बाजूला झाली. मित्रांनो, काय सांगू! त्याने गाडी काढावी तसे एकाच पायाने पेडल दाबले. मी उलटी फिरले, दोरा तुटला. पुन्हा ओवला. या वेळी मी नीट निघाले, पण पट्ट्याचे टोक येताच त्याने पेडलवर दाणकन पाय हाणला. ब्रेक! मी पुन्हा उलटी, खाली दोऱ्याचा हा गुंता. मला असा राग आला की याच्यापेक्षा टेबल परवडले, असे क्षणभर वाटलेही.

आवाज ऐकून शेजारच्या वहिनी धावत आल्या. "भाऊजी, काय कुटताय?"

"थांबतच नाही ही."

"थांबेल कशी? ब्रेक कुठे आहे तिला? दोन्ही पाय ठेवा. आणि थांबायचं असलं की चाकावर हात."

त्याने हात ठेवला. मी थांबले. तो हात त्याने बराच वेळ उचलला नाही. वहिनी खाली पडलेले दोरे वेचत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नर्सने पट्टा पाहिला आणि हसली. "काकूंची शिवण अशी वाकडी नसते हो!"

"ती नाही आता. उन्हाळ्यात गेली," तो म्हणाला. "हे मी शिवलंय."

नर्सने बॅग खाली ठेवली. मग तीच पुन्हा खांद्याला लावून तिने पट्टा जोरात ओढून पाहिला. "घट्ट बसलाय. काका, आमच्या वॉर्डात सगळ्यांच्याच एप्रनचे खिसे फाटलेत. आणू?"

"आण. सरळ शिवण असेल तेवढंच हं. वळणावर अजून माझी गाडी घसरते."

रविवारी टेम्पो आला तेव्हा तो मला तेल घालत होता.

"अहो बाबा, ठरलं होतं ना?" लेक म्हणाली.

"ही जायची नाही. कामावर आहे. मीही."

"आणि माझं टेबल?" हॉटेलवाला कुरकुरला.

"सुताराकडे जा की!"

आता माझ्या वाट्याला झालरी येत नाहीत. खिसे, पट्टे आणि पिशव्या येतात. दोरा अजूनही तुटतो. तिच्या हाताची आठवण मला येते, त्यालाही येत असणार. पण सकाळ झाली की दोघांनाही घाई असते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला आणि जुन्या माणसाला मायेपोटी झाकून ठेवू नका. तेलपाणी करा, काम सांगा, आणि काम बिघडले तर जरा धीर धरा. बरे, आता मला वेळ नाही. दारात कुणीतरी फाटकी छत्री घेऊन उभे आहे, आणि तो "द्या, होईल" म्हणून मोकळाही झाला. छत्री आम्ही दोघांनीही कधी शिवलेली नाही.