सातवा रकाना

मावशीला तिच्या आजीच्या मृत्यूचा दाखला हवा होता. दाखला म्हणजे निमित्त. खरं तर तिला तो मृत्यूच हवा होता, आणि शक्यतो लवकर झालेला.

हे तिनं मला स्पष्टच सांगितलं. मावशी शहाऐंशी वर्षांची, माझ्या आईची थोरली बहीण, आणि आडवळणानं बोलायला तिला आता सवड नाही. "हे बघ फोटोवाल्या," ती म्हणाली. माझा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे नातेवाइकांत मला दुसरं नाव उरलेलं नाही. "आमची आई तीन महिन्यांची होती तेव्हा तिची आई घरातनं गेली. कुठे गेली, कशी गेली, कुणी सांगितलं नाही. घरात एकच वाक्य होतं, 'सोडून गेली.' आईनं ते जन्मभर ऐकलं. कुणाशी जरा वाजलं की तेच तिच्या तोंडावर फेकायचे. मला एवढंच कळू दे, ती पोरीला टाकून गेली की मेली. मेली असेल तर बरं. असं बोलू नये, कळतं मला. पण मेलेली आई निदान पोराला टाकत तरी नाही."

"त्यात अवघड काय आहे?" मी म्हणालो. आयुष्यात मी जिथे जिथे तोंडावर आपटलो, तिथे तिथे सुरुवात या वाक्यानं झालेली आहे.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत ठेवलेल्या आहेत. लोखंडी मांडण्या, कापडी पुठ्ठ्याच्या जाडजूड वह्या, एक टेबलपंखा, आणि त्याच्या वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून पंख्याचं तोंड भिंतीकडे. तिथल्या मॅडम धुळीमुळे नाकाला ओढणी बांधून बसतात. एका वेळी एकच वही देतात, पेन लांब ठेवायला लावतात, फोटो काढू देतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी माझा अनुभव सांगितला. त्यांनी "सही इथे करा" एवढंच म्हटलं.

हात बसावा म्हणून मी आधी सोप्या नोंदी काढल्या. पहिली खुद्द मावशीच्या जन्माची. मग मामाची, मग माझ्या आईची. तिघंही एकाच घरात जन्मलेले. नंतर मागे सरकत आजीचा, म्हणजे मावशीच्या आईचा, जन्म सापडला, आणि त्याच्या दोन वर्षं आधीचं पणजीचं लग्न. त्या पानावर अठरा लग्नं होती. सतरा नवऱ्यामुलींचे अंगठे आणि एकीची सही. ती एक माझी पणजी! पहिल्या अक्षराची आडवी रेघ तिनं डावीकडे इतकी लांब ओढली होती, की ती चौकट ओलांडून शेजारच्या रकान्यात घुसली होती. लग्नाच्या दिवशी ज्या बाईला चौकट पुरत नाही, ती पुढे कुणाला ऐकणार? मी त्या सहीच्या प्रेमातच पडलो.

त्यानंतर पणजी गायब. मी तिच्या सासरच्या आडनावानं मृत्यूच्या वह्या चाळायला घेतल्या. एक नाही, दोन नाही, एकतीस वह्या. चार वर्षं. कुठल्या साली कोणत्या गल्लीत किती बायका तापानं गेल्या, हे मला तोंडपाठ झालं आणि मी ते लोकांना सांगूही लागलो. शेजारी मला बघून जिना बदलू लागले. बायको म्हणाली, "जिवंत माणसांचे वाढदिवस तुमच्या लक्षात राहत नाहीत आणि मेलेल्यांच्या तारखा बऱ्या पाठ असतात." मी तिला म्हटलं, हे संशोधन आहे. तिनं विचारलं, सापडलं काय? मग मी विषय बदलला.

सापडलं नसलं तरी जे होतं ते मी देखणं करत होतो. हा माझा धंदाच. वहीचं पान फुगलेलं असतं, कड वाकडी दिसते, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा येतो. मी घरी आल्यावर प्रत्येक फोटो सरळ करायचो, कडा छाटायचो, शाईचे डाग, बुरशीचे ठिपके एकेक करून पुसायचो आणि जागा अडते म्हणून मूळ फोटो काढून टाकायचो. मग मोठे प्रिंट काढून मी एक अल्बम केला. प्रत्येकाला एक चौकट. पणजीची चौकट तेवढी रिकामी. ते रिकामेपण फार कलात्मक दिसतं, असं माझं मत होतं.

मावशीनं भिंग लावून अख्खा अल्बम पाहिला. "छान आहे. यावर शिक्के कुठायत?"

"शिक्के कशाला? मी स्वतः काढलेत."

"म्हणूनच. ह्यांच्या गालावर तीळ होता. आमच्या लग्नाचा फोटो तुझ्याकडे नीट करायला दिला, तर तू तो तीळ पुसून आणलास. मी त्या तिळाशी बेचाळीस वर्षं संसार केला. शिक्के आण जा."

म्हणून मी नाक मुरडत पुन्हा नगरपालिकेत गेलो. मॅडमनी माझे प्रिंट आणि मूळ वह्या शेजारीशेजारी ठेवल्या. मी कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

"काका, हे जुळत नाही."

"अक्षर न् अक्षर जुळतंय, मॅडम."

"तुमच्यात सहा रकाने आहेत. आमच्या वहीत सात असतात."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. फोटोत काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हे कळणं महत्त्वाचं, तो शेवटचा रकाना शिवणीत गेलेला, कड काळी येते, आणि त्यात घेण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही तो वाचला होता का?"

"म्हटलं ना, वाचण्यासारखं काही नव्हतं."

"म्हणजे नाही वाचला," त्या म्हणाल्या आणि वही माझ्याकडे फिरवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मावशीच्या जन्माची ओळ होती. तारीख, मूल, बाप, आई, पत्ता, खबर देणाऱ्याचं नाव. त्यापुढे शिवणीला चिकटलेला सातवा रकाना. वर लिहिलं होतं 'सुईण', आणि खाली सही. पहिल्या अक्षराची आडवी रेघ डावीकडे लांब ओढलेली, रकान्याची हद्द ओलांडून नखाएवढी सहाव्यात घुसलेली. नाव तेच. पुढे नवऱ्याचं नाही, बापाचं नाव आणि बापाचं आडनाव.

माझ्या प्रिंटमध्ये त्या नखाएवढ्या जागी पांढराशुभ्र कागद होता. मला आठवलं. तो डाग मीच पुसला होता, सगळ्यांत पहिल्या दिवशी, आणि इतक्या सफाईनं की बायकोला मुद्दाम बोलावून दाखवला होता.

मी खुर्ची ओढून बसलो. मॅडमनी न विचारता मामाची आणि आईची नोंद काढली. दोन्हीकडे तीच सही.

"या नगरपालिकेच्या सुईण होत्या," त्या म्हणाल्या. "मी ही सही रोज बघते. यांचा भाग नदीपलीकडचा. तिकडच्या वह्यांत पानोपानी याच आहेत."

पुढचे नऊ दिवस मी काहीही न छाटता नुसता वाचत बसलो. आजी वर्षाची असताना पणजीची पहिली सही, आणि तिथून पुढे एकतीस वर्षं. मी पोक्त चेहऱ्यानं बायकांचे मृत्यू मोजत होतो, तेव्हा ही बाई पलीकडच्या मांडणीवर अर्ध्या गावाला जन्माला घालत होती. नदीच्या अलीकडे मात्र तिच्या सह्या फक्त तीन. तिन्हींचा पत्ता एकच, आमच्या आजीचं सासर. अलीकडची सुईण वेगळी होती, तीन गल्ल्यांवर राहणारी. तिला सोडून ही तीन वेळा पूल ओलांडून आली होती.

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं ती कळशाची म्हण वापरली नाही. नुसती माझ्या काखेकडे बघून हसली.

मावशीकडे जाताना मात्र मी लांबचा रस्ता धरला. तिला मेलेली आजी हवी होती आणि मी जिवंत घेऊन निघालो होतो. तीही अशी, जी अर्ध्या तासाच्या अंतरावर धडधाकट राहिली आणि पोरीला घेऊन मात्र गेली नाही. घेऊन जाऊ दिलं नाही की काय, ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. वाटेत दोनदा वाटलं, सांगावं सापडली नाही म्हणून. चार वर्षं तेच सांगत होतो, आणखी एकदा सांगितल्यानं काय बिघडणार होतं? पण मग मला तो तीळ आठवला.

मी सांगितलं. मावशीनं मान खाली घातली.

"म्हणजे मेली नव्हती."

"नाही."

"नदीपलीकडेच होती."

"हो."

"मग टाकूनच गेली की," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मी घाईघाईनं तिच्यापुढे नवा प्रिंट ठेवला, सातही रकान्यांचा, वाकड्या काळ्या कडेसकट. "मावशी, हे तुझं बाळंतपण. म्हणजे तुझा जन्म. इथे बघ. ही लग्नातली सही आणि ही सुईणीची."

तिनं भिंग या सहीवरून त्या सहीवर नेलं आणि परत आणलं. असं चार-पाच वेळा केलं. मग भिंग खाली ठेवलं.

"सुईणबाई," ती म्हणाली.

"हो, सुईणच."

"अरे, सुईणबाई यायच्या आमच्याकडे! मी शाळेत जायला लागले तरी यायच्या. दर मंगळवारी, बाबा कामावर गेले की. मला तोंड उघडायला लावून दात मोजायच्या. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी सुईण येते, दात मोजायला. आई त्यांना निळ्या काठाच्या कपबशीतून चहा द्यायची. ती कपबशी आम्हाला नाही, बाबांनाही नाही. त्या गेल्या की आई ती स्वतः धुवायची आणि फडताळात वर ठेवून द्यायची." ती थांबली. "आईला ठाऊक होतं."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला काही सुचवावंसं वाटलं नाही.

"ठाऊक होतं आणि मला सांगितलं नाही! मरेपर्यंत नाही सांगितलं!" मावशी चिडली होती आणि रडत होती, आणि दोन्ही एकदम करताना तिला दम लागत होता. मी पाणी दिलं. तिनं ते बाजूला सारलं. "सगळ्यांचं ऐकून घ्यायची. सोडून गेलेलीची पोर म्हणायचे, तर मान खाली घालायची. आम्हाला वाटायचं लाजेनं घालते. आणि दर मंगळवारी…" मग तिनं पदरानं डोळे पुसले. "सोडून गेली म्हणे. नवऱ्याला सोडून गेली असेल."

भिंग पुन्हा त्या सहीवर नेत तिनं विचारलं, "म्हणजे मला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनंच ना?"

"तिनंच. तुझ्या आईच्याही आधी."

मावशीनं अल्बम मागून घेतला आणि पणजीची रिकामी चौकट उघडली. "इथे लाव. माझ्याच जन्माचा लाव." मी डिंक काढला, प्रिंट चौकटीवर धरला. सात रकान्यांचा तो प्रिंट उजवीकडून दोन बोटं बाहेर येत होता. माझा हात सवयीनं खिशातल्या कात्रीकडे गेला.

मावशीनं त्यावर सणसणीत फटका मारला. त्रेसष्टाव्या वर्षी मी मार खाल्ला.

"पुन्हा तिला घराबाहेर काढशील," ती म्हणाली, "तर याद राख."