छागलीला शिवलेला झगा

मी एक जुनी छागल आहे. आता छागल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे! जाड कॅनव्हासची, उशीएवढी पिशवी, वर लाकडी बूच आणि टांगायला दोरी. आत पाणी भरायचं. ते कापडातून हळूहळू पाझरतं, मी बाहेरून ओली होते, त्या ओलीला वारं लागलं की आतलं पाणी गार होतं. एवढंच माझं शास्त्र. पण नवा माणूस मला बघतो आणि लगेच म्हणतो, "अहो, तुमची पिशवी गळतीय!" तेव्हा मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी गळत नाही. मला घाम येतो.

माझा जन्म दौंडचा. स्टेशनजवळ ताडपत्र्या शिवण्याचं एक दुकान होतं. तिथल्या कस्तुराबाईंनी मला शिवलं. बाईंचा हात इतका पक्का की माझी एक शिवण आजवर उसवलेली नाही. केडगावच्या शेखलालभाईंनी मला विकत घेतलं. ते वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणारी, जीप चालवायचे. केडगाव, चौफुला, भीमेवरचा पूल, न्हावरा आणि शिरूर, असा त्यांचा रस्ता. मला त्यांनी जीपच्या नाकासमोर टांगलं. काय तो थाट होता! सगळ्यांच्या पुढे मी, माझ्या मागे जीप, आणि जीपच्या मागे धूळ.

एप्रिल-मे महिन्यांत तर माझ्याशिवाय पान हलत नसे. बायका कडेवरची पोरं माझ्याजवळ आणायच्या. म्हातारी माणसं दोन घोट प्यायची आणि शेखलालभाईंना दुवा द्यायची. खरं तर दुवा मला मिळायला हवी होती, पण मी काही बोलले नाही. आनंदराव नावाचे एक तरणेबांड गृहस्थ नेहमी पुढच्या सीटवर बसायचे. जीप थांबली रे थांबली की त्यांचा हात माझ्या बुचावर! पुढे ते सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, त्यांची कंबर रुंदावली आणि सगळा गाव त्यांना आप्पा म्हणू लागला.

मग प्लॅस्टिकची बाटली आली. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसंच. शेखलालभाईंनी जीप विकली आणि मी घरातल्या खुंटीवर गेले. त्यांच्या बायकोनं, सुगराबींनी, माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे भरले. वर्षानुवर्षं मी पोटात चिमटे घेऊन बसले होते, मित्रांनो. ज्या पोटात गार पाणी खेळलं त्यात लाल-पिवळे चिमटे! वाईट वाटायचं, पण करते काय?

मला तिथून सोडवलं आसियानं. ही शेखलालभाईंची नात, त्यांच्या लेकीची लेक. डी. फार्मसी करून केडगावात एका मेडिकल स्टोअरमध्ये ती काम करते. तिला सायकलीचा नाद लागला. आप्पांची सून तेजश्री शाळेत शिक्षिका आहे. तिनं सायकल चालवणाऱ्यांचा आणि पळणाऱ्यांचा एक गट काढला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'घामाघूम ग्रुप'. नाव ऐकूनच मला ही माणसं आवडली.

शेखलालभाईंचा मात्र जीव घाबरत होता. पोर सायकलवर पार शिरूरपर्यंत जाणार, लोक काय म्हणतील? तेव्हा आप्पा स्वतः घरी आले होते.

"शेखलाल, माझी सून जाती, तिच्यासंगं तुझी नात," आप्पा म्हणाले. "मागनं आमचा पोरगा विश्वजीत पिकअप घिऊन आसतोय. कुणी काय बोललं तर माझ्याकडं धाड."

आप्पांनी शब्द टाकला म्हटल्यावर विषय संपला. आसियाची सायकल त्या शब्दावर चालू लागली, हे ती कधीच विसरली नाही.

एका रविवारी ती तोंड पाडून परत आली. बाटलीतलं पाणी चहासारखं तापलं होतं. शेखलालभाई हसले आणि त्यांनी खुंटीकडे बोट केलं. आसियानं सगळे चिमटे खाटेवर ओतले.

"आगं आगं, माझं चिमटं कुठं ठिवू आता?" सुगराबी ओरडल्या.

"बाटलीत ठिव, नानी!"

मला हौदात बुडवून ठेवलं. किती वर्षांची कोरडी मी! पाणी प्यायले, फुगले, माझे धागे पुन्हा एकमेकांना बिलगले. पुढच्या रविवारी मी आसियाच्या सायकलच्या हँडलला लटकून निघाले. न्हावऱ्याच्या पुढे, उसाच्या फडाच्या कडेला सगळे थांबले, तेव्हा माझं पाणी प्यायला रांग लागली. पिकअपमधून आप्पा उतरले, त्यांनी मला ओळखलं आणि एक घोट घेऊन डोळेच मिटले.

"आरं, ही तर शेखलालच्या जिपंची! हिच्या पाण्याला तोड न्हाई," ते म्हणाले.

त्या दिवशी मी इतकी पाझरले की आसियाची चप्पल भिजली.

इथंवर सगळं गोड होतं. पण आप्पांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. सूनबाईंच्या ग्रुपला बघून त्यांनाही हुरूप आला. सायकलवर त्यांचा तोल राहीना, म्हणून त्यांनी पळायचं ठरवलं. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की जितका घाम जास्त, तितकी चरबी कमी. झालं! डाळिंबाच्या बागेत औषध फवारताना गडी जो प्लॅस्टिकचा कोट घालतात ना, तो आप्पांनी धुऊन घेतला आणि तो गळ्यापर्यंत चढवून पळायला लागले. पळून आले की कोट झटकायचे आणि आतून घामाच्या धारा पडायच्या. आप्पा खूश, "बघा, चरबी वितळली!"

चरबी कसली! नुसतं पाणी होतं ते. घाम यावा, त्याला वारं लागावं आणि अंग गार व्हावं, यासाठी तर घाम असतो. मी जन्मभर दुसरं काय केलं? पण हे आप्पांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

"तू सांग की, तू सून हायस," आसिया तेजश्रीला म्हणाली.

"सून हाय म्हणूनच तर न्हाई सांगता येत! तू मेडिकलवाली, तू सांग."

"मी? त्यांच्या शब्दावर तर माझी सायकल चालतीया, ताई. त्यांना वाईट वाटलं तर माझे नाना उद्या सायकल घरात लावतील."

विश्वजीतही नुसता मान खाजवायचा. सगळे आप्पांवर जीव टाकणारे, आणि म्हणूनच सगळे गप्प.

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले! मोठ्या मनाचा माणूस. मला ठिबकताना पाहून त्यांना माझी दया आली. "गळतीया बिचारी," म्हणाले, आणि चौफुल्याच्या सीटकव्हरवाल्याकडून त्यांनी मला एक झगा शिवून आणला. निळ्या रेक्झिनचा, पिवळी किनार, खाली चेन. स्वतःच्या हातानं मला घातला आणि चेन ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आसियानं "छान हाय, आप्पा," म्हणताना माझ्याकडे बघायचं टाळलं. झगा दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण आत माझा जीव गुदमरत होता. आता मी आणि आप्पा, दोघंही एकाच माळेचे मणी.

मे महिन्यात ग्रुपची उन्हाळी फेरी ठरली. शिरूरहून सायकलवर निघायचं, आणि भीमेचा पूल ओलांडल्यावर पळणाऱ्यांनी चौफुल्यापर्यंत पळायचं. बेत होता पहाटे निघायचा. पण आप्पा स्वतः पळणार म्हटल्यावर शिरूरला सत्कार निघाला. नारळ फुटला, भाषणं झाली, फवारणीच्या कोटावर शाल चढली. एक वक्ता बसला की दुसरा उठे. पुलाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि डांबर चकाकत होतं.

आप्पांनी शाल पिकअपमध्ये टाकली आणि कोटासकट पळायला सुरुवात केली. आसिया त्यांच्या शेजारून सायकल हळू चालवत होती. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी हात केला. आसियानं माझं बूच काढून दिलं. त्यांनी घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"हिचं पाणी तापलंय! ह्या छागलीला झालंय काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्रांनो, माझं पाणी आयुष्यात पहिल्यांदा कुणी थुंकून टाकलं होतं.

आप्पा पुन्हा पळू लागले, पण त्यांचे पाय वेडेवाकडे पडू लागले. तोंड लालबुंद. आसियानं थांबा म्हटलं तर ते तिच्याकडे बघून म्हणाले, "शेखलाल, जीप थांबीव, मला उतरायचंय." जीप विकून किती वर्षं झाली होती! आणि मग आप्पा रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले.

सगळे धावले. कुणी शाल आणली, कुणी म्हणालं सरबत पाजा, कुणी म्हणालं आधी उभं करा. आप्पा हात झटकत होते, कुणाला जवळ येऊ देईनात. आणि आप्पांनी हात झटकला की मागं सरायची सगळ्यांना सवय! खुद्द विश्वजीतही मागे सरला.

आसिया सरली नाही. तिनं मला हँडलवरून ओढलं, त्या निळ्या झग्याची चेन टर्रकन उघडली आणि झगा भिरकावून दिला. मग ती आप्पांच्या कोटाला भिडली. कोटाची चेन अडकली होती. आप्पांनी तिचाही हात झिडकारला. तेव्हा माझी ती गरीब गाय कडाडली.

"आप्पा, गप पड! हात वर कर! येकदम गप पड!"

आप्पांना 'अरे-तुरे'? आणि तेही चारचौघांत? पण आप्पांनी लहान पोरासारखे हात वर केले. आसियानं कोट गळ्यापासून फाडून काढला. निंबाच्या सावलीत त्यांना आडवं केलं आणि मला त्यांच्या अंगावर उपडं केलं. माझं पाणी कोमटच होतं, पण उघड्या अंगावर सांडलं आणि तेजश्री आणि विश्वजीत टॉवेलनं वारा घालू लागले, तसं तेच पाणी गार व्हायला लागलं. मी रिकामी झाले तर आसियानं दुसऱ्या बाटल्या माझ्यावर ओतल्या आणि मला ओलीचिंब करून आप्पांच्या मानेभोवती गुंडाळलं. काय सांगू, मित्रांनो! जीपचं इंजिनही इतकं तापलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सोड रे बाबा, ती उष्णता सोड, दे माझ्याकडे. तशीच पिकअपमधून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. तिथं पोचेपर्यंत ते सुनेचं नाव नीट घेऊ लागले होते.

"वाटंतच अंग गार करत आणलंत म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाले.

आप्पा वाचले. पण आसिया घरी आली ती सायकल अंगणात टेकवून रडतच बसली.

"नाना, मी त्यांना चारचौघांत उघडं केलं. गप पड म्हणाले. झालं आता माझं सायकल चालवणं."

शेखलालभाईंनी उठून कुलूप शोधलं. त्यांनाही तीच भीती असावी. सायकलला कुलूप लागलं, आणि मी पुन्हा खुंटीवर. सुगराबींनी चिमट्यांचा डबा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, तो परत खाली ठेवला.

आठवड्यानं पिकअप दारात थांबली. आप्पा उतरले. आसिया दाराआड गेली.

"शेखलाल, त्या दिवशी मला गप पड कोण म्हणलं रं?" आप्पांनी दरडावून विचारलं.

शेखलालभाई हात जोडायला लागले. तेवढ्यात आसिया बाहेर आली. खाली मान घालून म्हणाली, "मी म्हणाले, आप्पा. चुकलं माझं. पण कोट काढणं चुकलं न्हाई. त्यो कोट वाईटच व्हता, आन् छागलीचा झगाबी. मला ठावं व्हतं. मी आधीच सांगायला पायजे व्हतं."

आप्पा दोन पावलं पुढे आले. मग खाटेवर टेकले. त्यांचा आवाज बदलला होता.

"आई गेल्यापास्नं मला गप पड म्हणणारं कुणी ऱ्हायलं न्हवतं, पोरी. म्या काय बी म्हणलं की समदी व्हय आप्पा, व्हय आप्पा! मला वाटायचं, माझं समदंच बराबर हाय. त्या व्हय-व्हयनं मरत व्हतो की गं मी." त्यांनी डोळे पुसले आणि शेखलालभाईंकडे वळले. "हिची सायकल बंद करू नगंस. न्हाई तर मला गप कोण बसवणार?"

शेखलालभाईंनी उठून कुलपाची किल्ली आसियाच्या हातात दिली. सुगराबी नाक ओढत चहा टाकायला गेल्या.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो, अगदी झुंजूमुंजू असताना, नारळ न फोडता. आप्पा सुती बंडीत चालत होते, पळत नव्हते, कारण आसियानं सांगितलं होतं. मी हँडलवर, उघड्या अंगानं, मनसोक्त घाम गाळत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, आम्हाला वाऱ्यावर टांगा, चिमटे भरू नका, हे तर मी सांगणारच. पण माझ्यासाठी एवढं नाही केलंत तरी चालेल. तुमच्या घरातही असा एखादा मोठा माणूस असेल, ज्याच्यापुढे सगळे नुसत्या माना डोलावतात. भीड भिकेची बहीण असते. मला तोंड असून बोलता येत नाही. तुम्हाला येतं. त्याच्यावर जीव असेल, तर त्याला वेळेवर सांगा.