कारणाचा रकाना

सकाळी साइटवर आल्या, की इंजिनिअर बाई आधी बदलांची वही उघडायच्या. नकाशाप्रमाणे जसंच्या तसं उभं राहिलेलं घर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. कोणाला जिना फिरवून हवा, कोणाला बाथरूम मोठं. म्हणून वहीत त्यांनी दोन रकाने आखले होते. पहिला प्रकाराचा : भर, कपात की जागाबदल. दुसरा कारणाचा : मालकाची इच्छा, नकाशातली चूक, जमिनीची अडचण किंवा तांत्रिक. खाली मालकाची सही. ती झाल्याशिवाय मिस्त्री विटेला हात लावत नसे. या वहीचा बाईंना भारी अभिमान होता.

या घराचे मालक शाळेत शिक्षक, अगदी सज्जन गृहस्थ. घरात बायको, लग्नाची मुलगी आणि विधवा वहिनी. आई गेली तेव्हा ते सात वर्षांचे होते. याच वहिनीने त्यांना न्हाऊमाखू घालून लहानाचं मोठं केलं. नकाशात तिची खोली दर्शनी बाजूला होती.

पहिला बदल आला, वहिनींची खोली मागे. जागाबदल. दुसरा आला, खोली तीन फुटांनी कमी, ती जागा कोठीला. कपात. कारणाच्या रकान्यात बाईंनी दोन्हीदा ‘तांत्रिक’ लिहिलं. तसं मालकांनीच सुचवलं होतं.

“माझी इच्छा असं नका लिहू हो, बरं दिसत नाही,” ते म्हणाले होते.

आज तिसरा बदल होता. खोली मागे गेली, तरी तिची एकुलती एक खिडकी बाजूच्या मोकळ्या जागेतून थेट फाटकाकडे उघडत होती; ती बुजवायची.

“अहो, पण हवा कुठून येणार?” बाईंनी विचारलं.

मालक नुसतेच खाकरले. बोलल्या त्या मालकीणबाई. “पोरीला बघायला लोक येणार आता. फाटकातून आत पाऊल टाकलं, की पहिलं तोंड दिसणार ते वहिनींचं. आमचं काही नाही हो, पण लोक मानतात ना!”

तेवढ्यात वहिनी चहाची किटली घेऊन आल्या. सगळ्यांना चहा देऊन त्या खिडकीच्या चौकटीपाशी गेल्या आणि वाकून बाहेर पाहिलं.

“बाई, बसल्या बसल्या रस्ता दिसेल ना इथून? गुडघे गेलेत माझे. उभं राहवत नाही फार.”

“बसून काय, आजी, झोपूनसुद्धा दिसेल!” मिस्त्री हसत म्हणाला. त्याला अजून कोणी काही सांगितलंच नव्हतं.

वहिनीही हसल्या. बाकी कोणी हसलं नाही. बाईंच्या हातातला चहा त्यांना पिववेना. मान खाली घालून त्यांनी वही उघडली आणि प्रकारापुढे लिहिलं, कपात. कारणापुढे पेन थांबलं. ‘तांत्रिक’ लिहायला किती सोपं होतं! मग त्यांनी एका दमात लिहून टाकलं : ‘मालकांच्या वहिनी विधवा आहेत. दुसरं कारण नाही.’

“सर, सही करा.”

मालकांनी वाचलं. कान लालबुंद झाले. “हे काय लिहिलंत? दुसरं काहीतरी लिहा ना.”

“दोनदा लिहिलं, सर. आता माझ्याच्याने होणार नाही.”

“काय झालं, भाऊजी?” वहिनी जवळ आल्या. त्यांना वाचता येत होतं. मालकांना अभ्यासाला बसवता बसवता त्याही अक्षरं शिकल्या होत्या. ओळीवर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचलं. मग ते बोट पदरात गुंडाळून घेतलं.

“करून टाका सही,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरीचं जमायला हवं. मला काय, मी कोठीतही राहीन.”

मालकांनी पेनला टोपण लावलं. त्यांना वहिनीकडे बघवेना. “मिस्त्री, खिडकी राहू दे,” एवढंच कसंबसं म्हणाले. मालकीणबाई पाय आपटत निघून गेल्या. वहिनींनी रिकामे कप गोळा केले आणि विसळायला नेले.

मिस्त्री बाईंकडे पाहून म्हणाला, “चांगलं काम केलंत, बाई.”

बाईंना ते ऐकवेना. संध्याकाळी ऑफिसात त्यांनी फळीवरच्या जुन्या घरांच्या वह्या उतरवल्या आणि पहिलीच उघडली. स्वयंपाकघरामागची, त्या घरच्या आत्याबाईंची खोली. प्रकार : कपात, खिडकी रद्द. कारण : तांत्रिक.

अक्षर त्यांचंच होतं. त्या घरात लोक राहायला जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईंनी वहीतला पत्ता कागदावर उतरवून घेतला. अजून दहा वह्या उघडायच्या होत्या.