इतेतच्या डोक्यावरची टोपली

धनी काहाय यांनी जिवंतपणीच बांधायला घेतलेल्या आपल्या थडग्यात बक्षीस म्हणून इतेतचं नाव कोरायला सांगितलंय, हे कळल्यापासून तिला रोट थापणं सुचेना. राजाच्या कोठारांचे हे अधिकारी तीस वर्षं तिच्याच हातचे रोट खात आले होते. भिंतीवर चित्राशेजारी नाव म्हणजे मेल्यावरही त्या चित्रात कायमचं असणं. भटारखान्यातल्या बाईला असं भाग्य कुठलं! सगळं घर तिच्यावर जळत होतं.  ती मात्र पीठ तसंच टाकून वाळूतून थडग्यात जाऊन थडकली.

"यात मी कुठली रे?" भिंतीवर कोरलेल्या नोकरांच्या रांगेकडे बघत तिने पाथरवट इरूकाला विचारलं.

इरूकाने बोट दाखवलं. रांगेत तिसरी. डोक्यावर रोटांची टोपली, पुढ्यात मेजाशी बसलेले धनी.

"कंबर किती बारीक केलीय बघ, मावशी. नाव आत्ताच कोरलं."

"मग ही टोपली खाली कधी ठेवायची?"

इरूका हसला. दगडातली टोपली कोण उतरवणार?

तेवढ्यात काम बघायला खुद्द धनी पालखीतून आले. इतेतला राहवलं नाही.

"धनी, माझं नाव काढायला सांगा."

"वेड लागलंय का तुला? लोक यासाठी माझे पाय धरतात. नाव नसेल तर विरून जाशील, बाई."

"माझ्या नवऱ्याचं तरी कुठे कोरलंय? सेनी गेला तिथे मी जाईन. जन्मभर तुमचं केलं, कुरकुर केली नाही. मेल्यावर नको."

धनी भडकले, पण बोलताना त्यांचा आवाज म्हाताऱ्यासारखा झाला. "मग तिथे मी काय खाऊ? दुसऱ्या कुणाच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही, ठाऊक आहे ना?"

 'हो' अगदी इतेतच्या ओठांवर आलं होतं. स्वतःचाच राग आला तिला.

"तुम्ही आहात तोवर करीन," ती म्हणाली. "पुढचं नाही."

धन्यांनी तोंड फिरवलं आणि इरूकाला हाताने खूण केली. तांब्याची छिन्नी चालू लागली. टोपलीवाली बाई तशीच राहिली, वरचं नाव तेवढं गेलं. खरवडलेल्या जागेवर इतेतने बोट फिरवलं.

"आता ही कोण?"

"कुणीच नाही, मावशी."

 भिंतीला पाठ लावून इतेत आयुष्यात पहिल्यांदाच धन्यांच्या देखत खाली बसली.