पिढीजात कौशल्य

बोंडअळी आली त्या साली गावात कापूस कमी अन् शिबिरं जास्त पिकली. आधी फवारणीचं शिबिर झालं. मग मन खंबीर कसं ठेवावं याचं झालं. मग शेळीपालनाचं झालं, त्याला शेळी सोडून सगळे आले होते. संक्रांत उलटली तसा राळेगाव तालुक्यातल्या या गावच्या शाळेच्या फाटकावर आणखी एक फ्लेक्स चढला. 'शाश्वत जैव-अर्थव्यवस्था : युवकांसाठी करिअरच्या संधी'. पर्यावरणाचं शिबिर अन् फ्लेक्स प्लास्टिकचा. त्यावर एक झाड, झाडाखाली दात काढून हसणारी मुलं, अन् ती इतकी गोरी की जन्मात कधी त्यांनी कापूस वेचला असेल असं वाटत नव्हतं.

"हे पोट्टे आपल्या शाळेतले तं नाई वाटत," नववीतली शीला मुनेश्वर फ्लेक्सकडं बघत म्हणाली.

"नवीन ॲडमिशन असंन," तिच्या वर्गातला संघर्ष म्हणाला. "शाळेत येतीन तवा डब्यात काय आणते ते पाहू."

शीला आठवीपर्यंत हजेरीला 'येस सर' सुद्धा पुटपुटायची. दिवाळीनंतर एके दिवशी गणिताच्या सरांची फळ्यावरची चूक तिनं मोठ्यानं सांगून टाकली. सर मेले नाहीत, तीही मेली नाही, अन् तेव्हापासून तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच.

शिबिर घ्यायला पुण्याहून एक सर आले होते. खांद्याला तागाची पिशवी, हातात तांब्याची बाटली, बोलण्यात दर वाक्याला 'टिकाऊ'. विकास टिकाऊ हवा, रोजगार टिकाऊ हवा, विचार टिकाऊ हवेत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरांनी त्यांचं बारसं उरकलं. टिकाऊ सर.

"मित्रांनो, कापसाचा काळ संपला," टिकाऊ सरांनी सांगितलं. समोर बसलेल्यांपैकी निम्मी पोरं शाळा सुटली की उरलासुरला कापूस वेचायला जाणार होती. "आता तुमच्या शेतातला कचरा हेच तुमचं सोनं. ही कपाशीची वाळलेली झाडं, पऱ्हाटी म्हणता ना तुम्ही? तो कचरा!"

"त्याच कचऱ्यावर मगाशी यांचे पोहे शिजले," वैष्णवी भोयर शीलाच्या कानात म्हणाली. "अन् तर्री दोनदा मागतली." वैष्णवी शीलाची बाकावरची मैत्रीण. गावात सगळ्यात जास्त वावर तिच्या बापाचं, अन् सगळ्यात जास्त भीती तिला पालीची.

इथवर शीलाला हे शिबिर मागच्या शिबिरांसारखंच वाटत होतं. मग टिकाऊ सरांनी लाकडी पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला.

शाळेतही एक होता, पण तो कपाटात, कपाटाला कुलूप, अन् किल्ली कोणाकडं हे कोणालाच माहीत नव्हतं. हा मात्र टेबलावर आला, खिडकीशी ठेवला गेला, खालचा आरसा फिरवून त्यात ऊन पकडलं गेलं. सरांनी हरभऱ्याच्या मुळावरची एक गाठ काचेवर चिरडली, पाण्याचा थेंब टाकला अन् विचारलं, "कोण बघणार?" बाकीचे एकमेकांना कोपरानं ढोसत असताना शीला जाऊन बसलीसुद्धा.

आधी नुसतं धुकं होतं. मग स्क्रू फिरवता फिरवता धुकं फाटलं अन् आत बारीक बारीक काड्यांसारखे जीव वळवळताना दिसले. शेकड्यांनी. हरभरा त्यांना खाऊ घालतो अन् ते हरभऱ्याला, असं सर सांगत होते. शीलाच्या आईनं हरभऱ्याच्या वावरात जन्मभर निंदण केलं, अन् पायाखाली हा सगळा बाजार भरलेला! मागची रांग ओरडायला लागली, संघर्षनं वेणी ओढली, तरी ती उठेना.

"उद्या गट पाडू. सूक्ष्मदर्शकाच्या गटाला आपण जीवाणू खत शिकवू," सर म्हणाले. "त्यातले दोघं उन्हाळ्यात महिनाभर नागपूरच्या प्रयोगशाळेत जातील."

शीलाचं तिथंच ठरलं. त्या दोघांतली एक ती. दुसरं कोणी का असेना.

दुपारी टिकाऊ सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. "तुमची परंपरा हीच तुमची ताकद. प्रत्येकानं सांगायचं, आपले आजोबा काय करायचे."

"आमचा आजा शेती करे," वैष्णवी म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "म्हंजे करून घे."

"माझा आजा बिड्या ओढे," संघर्ष म्हणाला.

शीलाची पाळी आली. "माझे आबाजी पेपर वाचते. रोज सकाळी, मोठ्यानं. आख्खी गल्ली ऐकते."

"छान, पण पिढीजात काय?"

"त्याईच्या आधी घरात कोणाले वाचता येत नव्हतं, सर. म्हंजे पिढी त्याईच्यापासूनच सुरू होते."

टिकाऊ सरांना हे उत्तर कोणत्या रकान्यात बसवावं कळेना. तेवढ्यात शाळेचे विज्ञानाचे नागोराव सर पुढं झुकले अन् त्यांच्या कानात काही कुजबुजले. कुजबुजता कुजबुजता त्यांचं बोट खिडकीबाहेर नाल्यापलीकडं गेलं, जिथं शीलाच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा कळस दिसतो. टिकाऊ सरांचा चेहरा असा उजळला की जणू गुप्तधन सापडलं.

दुसऱ्या दिवशी गट वाचून दाखवले गेले. जीवाणू खताच्या गटात वैष्णवी. तेलाच्या गटात तेल्याची पोरं, दुधाच्या गटात गवळ्याची. सगळ्यात शेवटी गट क्रमांक पाच, 'पशु-अवशेष मूल्यवर्धन'. त्यात शीला, संघर्ष अन् नाल्यापलीकडची झाडून सगळी पोरं. नाल्याच्या अलीकडचं एकही नाही.

"सर, म्हंजे काय करायचं असते?" शीलानं विचारलं.

"मेलेल्या जनावरांच्या हाडांचं खत, शिंगांचा भुगा. प्रचंड वाव आहे यात."

"पण सूक्ष्मदर्शकावर तं सगळ्यात आधी मीच बसली होती."

"हो, पण तुमच्याकडं याचं पिढीजात ज्ञान आहे. आम्ही त्याचा सन्मान करतोय."

"माह्याकडं? सर, मले कोंबडी सोलता येत नाई."

वर्ग हसला. नागोराव सरांनी डोळे वटारले. "शीले, बस खाली. फुकटात शिकवून राह्यले तं नखरे सुचून राह्यले तुले."

मधल्या सुट्टीत वैष्णवी म्हणाली, "माही जागा घे ना व. मले त्या जंतूंची शिसारी येते." अन् खरंच ती नागोराव सरांकडं अदलाबदल मागायला गेली. परत आली ती तोंड पाडून. "सरांनी मले बाजूले नेलं अन् हळूच म्हणे, भोयराची पोरगी हाडं धुवाले बसली तं तुहा बाप मले गावात राहू देईन काय?"

"हळूच काहून?" शीलानं विचारलं.

"मले काय माहीत? व्हरांड्यात कोणीच नव्हतं, तरी हळूच."

संध्याकाळी शीलानं शिबिराचं पत्रक आबाजींच्या हातात दिलं. बळीराम आबाजी अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा चढवला अन् बातमी वाचावी तसं मोठ्यानं वाचलं, "पशु-अवशेष मूल्यवर्धन." मग चष्मा काढला. "म्हंजे ढोर ओढाचं."

"हो."

आबाजी हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. "आमी पोट्टे होतो, तवा गाव म्हणे ओढा. दीक्षा घेतली, आता नाई ओढत म्हणलं, तं विहीर बंद, चारा बंद, मजुरी बंद. त्या भोयराच्या दारात बैल फुगला. शेवटी तोंडाले धोतर बांधून त्याईनंच ओढला. अन् आता हे सर्टिफिकेट देतो म्हणते?"

"लॅमिनेशन करून, आबाजी."

"मंग तं लय प्रगती झाली म्हणाची."

शीला खाटेच्या कडेला टेकली. "आबाजी, मले नागपूरले जायचं हाये. उद्या सरांच्या हातापाया पडू काय?"

आबाजींनी पत्रकाची घडी घातली अन् खाटेच्या डगडगत्या पायाखाली सारली. "आमी कोणाले विचारलं नव्हतं, बाई. सोडलं म्हंजे सोडलं."

शिबिराच्या शेवटून दुसऱ्या दिवशी वैष्णवीचे बाबा, नानाजी भोयर, मोटरसायकलवर फाटकाशी आले. त्यांचा म्हातारा बैल पहाटे गेला होता. "तुमच्या प्रॅक्टिकलले बैल पाह्यजे म्हणे सर," ते फाटकातूनच ओरडले. "घ्या, माझा खड्डा खोदाच्या जेसीबीचा खर्च वाचला."

टिकाऊ सरांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना पाठ फिरवावी लागली. परत वळले तेव्हा चेहरा सुतकी. "अतिशय दुःखद. पण मित्रांनो, ही संधी आहे."

वरात भोयरांच्या वावरात गेली. बैल बाभळीखाली पडला होता. शिंगांवर पोळ्याचा रंग अजून चिकटून होता. टिकाऊ सर वारा जिकडून येत होता तिकडं जाऊन उभे राहिले, नाकाला रुमाल लावला, व्हिडिओ काढायला मोबाइल दिलेल्या पोराला इशारा केला अन् म्हणाले, "चला, गट क्रमांक पाच!"

गट क्रमांक पाच जागचा हलला नाही. संघर्षनं शीलाकडं बघितलं. शीलाचा आवाज तर सुटलेलाच होता.

"नानाजी काका, पोळ्याले याचे पाय कोण धुते?"

"आमीच धुतो. दुसरं कोण धुईन?"

"अन् पुरणपोळी?"

"आमची वैष्णवी चारते. काहून व?"

"मंग शेवटचा हातही घरचाच लागू द्या ना. इतकं पिढीजात नातं हाये."

नानाजी भोयर गडबडले. "अव पोरी, मी थोडी सांगून राह्यलो? शाळेचं काम हाये हे."

"शीला!" टिकाऊ सर रुमालातून बोलले. "तू परंपरेचा अपमान करते आहेस."

"नाई सर. तुमीच म्हणले, आजोबाचा वारसा चालवा. माह्या आबाजीचा वारसा हाच हाये, का ढोर ओढाचं नाई. छप्पन सालापासून चालू हाये. या गावात याच्याहून टिकाऊ गोष्ट असंन तं दाखवा मले."

हसू आधी दुधाच्या गटातून फुटलं, मग सगळीकडं पसरलं. मोबाइल धरणारा पोरगाही हसला अन् चित्र हललं. "बंद कर, बंद कर ते," टिकाऊ सर म्हणाले.

"सर, अनुभव घ्यायचा असंन तं शेपटीकडून धरा," संघर्षनं सुचवलं. "तिकडून हलका लागते."

टिकाऊ सर मागं सरले. तागाची पिशवी बाभळीच्या काट्यात अडकली, अन् ती सोडवण्यात ते इतके गुंतले की बैलाकडं बघायचं त्यांना कारणच उरलं नाही. हसण्यात सामील नव्हती ती एकटी वैष्णवी. ती पुढं झाली, बैलाच्या कपाळावर हात ठेवला अन् रडत रडत बापाला म्हणाली, "बाबा, बोलवा जेसीबी. वावरातच पुरू याले. कोणाच्या प्रॅक्टिकलले नाई देयाचा."

सगळे जेसीबीची वाट बघत थांबले. शीला थांबली नाही. बांधावरून येताना तिनं हरभऱ्याचं एक रोप उपटून घेतलं अन् सरळ शाळेत गेली. वर्ग रिकामा होता. तिनं सूक्ष्मदर्शक खिडकीशी ओढला, आरसा फिरवला, गाठ चिरडली अन् वैष्णवीच्या खुर्चीवर बसली.

मंडळी परतली तेव्हा तिचा डोळा भिंगाला होता.

"शीला, हा तुझा गट नाही," टिकाऊ सर म्हणाले.

"काहून सर?"

नागोराव सरांनी तोंड उघडलं, दारात दाटलेल्या पोरांकडं बघितलं अन् पुन्हा मिटलं. जे कारण रिकाम्या व्हरांड्यातसुद्धा कुजबुजावं लागतं, ते भरल्या वर्गात कसं सांगणार?

"मोठ्यानं सांगा ना सर," शीला डोळा न हलवता म्हणाली. "माह्या आबाजीचा पेपर आख्खी गल्ली ऐकते. मले मोठ्याची सवय हाये."

नागोराव सर खडूचा डबा नीट लावायला लागले. संघर्षनं कोपऱ्यातलं स्टूल आणलं अन् तिच्या शेजारी मांडून बसला. वैष्णवी दाराशीच म्हणाली, "बसू द्या, सर. मी दुधाच्या गटात जाते."

पुढं शिबिराच्या अहवालात छापून आलं, 'विद्यार्थ्यांनी नेतृत्वगुण दाखवत गटांची स्वयंस्फूर्त पुनर्रचना केली'. खाली टिकाऊ सरांचा हसरा फोटो. अशा अहवालाला शोभायला नागपूरच्या दोघांत असं नेतृत्ववालं एक नाव लागतं, म्हणून शीलाचं घातलं. कोणाच्या का शोभेसाठी असेना, महिनाभर प्रयोगशाळेत भिंगाला डोळा लावायला तीच गेली.

पण ते उन्हाळ्यात. त्या दुपारी टिकाऊ सर काय करावं ते न सुचून खिडकीपाशी येऊन उभे राहिले, हात मागं बांधून, गंभीर विचारात असल्यासारखे. भिंगाखाली एकदम अंधार झाला.

शीलानं मान वर केली. "सर, सरका जरा. उजेड अडवून राह्यले तुमी."

अन् टिकाऊ सर सरकले.