एक एस राहिला

ज्यांची ती भाषा आहे, तेसुद्धा जो काळ तोंडातून काढत नाहीत, तोच शिकायचा हट्ट त्रेसष्टाव्या वर्षी एखादीनं धरला, तर तिला काय म्हणावं? परकी बाई असती तर मॅडमनी तिला सरळ दुसऱ्या क्लासचा पत्ता दिला असता. पण ही सख्खी थोरली बहीण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मॅडम राहत्या घराच्या पुढच्या खोलीत फ्रेंच शिकवत. एक पांढरा फळा, बारा खुर्च्या आणि तीन नियम. दर आठवड्याला वहीत दहा वाक्यं लिहायची, तीही पुस्तकातली नाहीत, स्वतःच्या आयुष्यातली आणि खरी. प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीची रेघ मारायची. आणि वही उशिरा आली की निम्मे मार्क कापले, मग कारण काहीही असो. वर्गात नात्यागोत्याचे लाड नव्हते. ताई तिथं बहिणीला ‘मॅडम’ म्हणे आणि मॅडम तिला ‘तुम्ही’ म्हणत. मधलं दार ओलांडून स्वयंपाकघरात पाऊल पडलं, की मात्र ‘ए बारके, दूध उतू चाललंय’ सुरू.

ताईनं फ्रेंचला हात घालायचं कारण साधं होतं. तिचा मुलगा आठ वर्षांपूर्वी तिकडे गेला, संसाराला लागला आणि आता ‘आई, कायमची इकडेच ये’ म्हणून मागे लागला होता. तिकडे राहायचं तर भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. परीक्षा तरी कसली? भाजीवाल्याकडे कांदे मागा, डॉक्टरला गुडघा दाखवा, पोस्टाचा रस्ता विचारा. मॅडमनी बघता बघता असे शंभरेक लोक पास करून पाठवले होते. ताईचा नवरा गेल्यापासून दोघी बहिणी एकत्र राहत होत्या, हे खरं. पण आईनं लेकाकडे जावं यात चुकीचं काय? मॅडमनी मन घट्ट केलं होतं आणि ताईला पास करायचा विडा उचलला होता.

घोळ केला तो एका पुस्तकानं. ताईनं फुटपाथवरून एक जुनं फ्रेंच व्याकरण उचलून आणलं. त्याची पहिली चाळीस पानं गायब होती. नमस्कार-चमत्कार, मी आहे, तू आहेस, सगळं त्या चाळीस पानांबरोबर गेलं. ताईनं जे हाताला लागलं तिथून सुरुवात केली, आणि पुढे कुठंतरी तिला तो काळ भेटला. मी जावं अशी त्यांची इच्छा होती, तू शिकावंस असं ठरलं होतं, असला कारभार. मॅडम त्याला भूतकाळी विध्यर्थ म्हणत आणि फळ्यावर कधीच लिहीत नसत.

“क ज पार्लास, क त्यू पार्लास, कील पार्ला,” ताई भांडी घासता घासता घोकायची, म्हणजे मी बोलावं, तू बोलावंस, त्यानं बोलावं.

“ताई, कुणी बोलत नाही हे. तिकडे हे बोललीस तर लोक वळून बघतील.”

“बघू देत. क ज फ्यूस.”

“फ्यूज उडालाय माझा. कांदे मागून दाखव बरं.”

ताई कांदे मागायची नाही. शर्टांच्या कारखान्यात तिनं पस्तीस वर्षं कॉलर कापल्या होत्या, आणि एकदा खडूची रेघ मारली की ती पुसायची तिला सवय नव्हती. परीक्षेच्या सरावात मॅडम डॉक्टर झाल्या आणि विचारलं, काय होतंय? ताई ताठ बसली, चष्मा सारखा केला आणि शुद्ध फ्रेंचमध्ये म्हणाली, “माझा गुडघा दुखू नये, अशी माझी इच्छा होती.” मागच्या रांगेतले दोघं टाळ्या वाजवायला लागले. मॅडमनी कपाळाला हात लावला.

“हा काळच कशाला हवाय तुम्हाला?” त्यांनी वर्ग सुटल्यावर विचारलं. रागाच्या भरात वर्गातलं ‘तुम्ही’ तोंडात तसंच राहिलं.

“मला जे बोलायचंय ते त्यातच बसतं,” ताई म्हणाली आणि खुर्च्या भिंतीला लावायला लागली.

बरं, वही मात्र वेळेवर. दर सोमवारी सकाळी ताईची निळी वही गठ्ठ्यात सगळ्यांत वर. दहा वाक्यं, सगळी त्याच काळातली, अक्षर मोत्यासारखं. वह्या तपासायची मॅडमची एक खास तऱ्हा होती. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा, त्याच्या मधोमध एका ओळीच्या उंचीची आणि दोन बोटं रुंदीची खिडकी. तो पुठ्ठा वहीवर सरकवत न्यायचा, खिडकीत रेघ मारलेलं क्रियापद आलं की तेवढंच बघायचं, शेपूट चुकलं असेल तर लाल पेनानं दुरुस्त करायचं, पुढे सरकायचं. सगळ्या तुकड्यांच्या मिळून चाळीस वह्या दीड तासात हातावेगळ्या. पूर्वी त्या आख्खी वाक्यं वाचत असत, पण मग कुणाचा नवरा कसा, कुणाची सासू कशी, यातच दुपार जाई. ‘मी व्याकरण तपासते, संसार तपासत नाही,’ असं त्या अभिमानानं सांगत. खिडकी ताईनंच कापून दिली होती, कारखान्यातल्या हातानं, एक सूतभर वाकडी नाही. कशाला हवी आहे, हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं.

आठ आठवडे असे गेले. परीक्षा शनिवारवर आली. गुरुवारी सकाळी मॅडमनी शेवटचा उपाय म्हणून त्या जुन्या पुस्तकाला दोरी बांधली आणि ते कपाटावर टाकलं. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं वर पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. तिथं तिची निळी वही उघडी होती आणि वहीवर पुठ्ठा होता. मॅडमचं बोट खिडकीतल्या शब्दावर होतं.

“हे काय करतेस?”

“तुझी वही तपासतेय. दुसरं काय करणार! सगळी पुन्हा त्याच काळातली. परवा परीक्षा आहे, ताई! नापास झालीस तर सहा महिने जाता येणार नाही. तुला जायचंय की नाही?”

ताई टेबलाजवळ आली. ती पुठ्ठ्याकडेच बघत होती.

“तू हे यातून वाचतेस?”

“वाचते कुठे, तपासते.”

“पहिल्या आठवड्यापासून?”

“दहा वर्षांपासून! पण माझ्या प्रश्नाचं काय?”

ताईनं खणातली मोठी कात्री काढली. पुठ्ठा उचलला आणि खिडकीच्या बरोबर मधून कापला. दोन तुकडे टेबलावर ठेवले.

“आठ आठवडे मी वाट बघतेय, बारके. मला वाटलं, तू वाचून गप्प बसलीस. म्हटलं, हिला नकोच असेल.” तिनं कात्री खणात टाकली. “मी फोटो काढून येते. परीक्षेच्या प्रवेशपत्राला लावायचाय.” तिनं चपला घातल्या आणि दार आपटून गेली.

काय नकोच असेल? मॅडम चिडूनच खुर्चीत बसल्या. आधीच डोकं उठलं होतं, त्यात ही कोडी. त्यांनी वही पुढे ओढली, पहिलं पान काढलं आणि कधी नव्हे ते ओळीच्या सुरुवातीपासून वाचायला लागल्या.

दोघींपैकी एकीनं तरी शिकावं, अशी बाबांची इच्छा होती. शेजारी लाल अक्षरात: ‘टोपी विसरलात.’ टोपी म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची खूण.

मी पंधराव्या वर्षी शाळा सोडावी, असं ठरलं. ‘बरोबर.’

तुला कळू नये, म्हणून मी दप्तर शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. ‘शेपूट तपासा.’

मॅडम तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. ताईला अभ्यासाचा कंटाळा होता, म्हणून ती कामाला लागली, असंच त्या आजवर समजत होत्या. तसं ताईच सांगत आली होती, हसत हसत.

त्यांनी पान उलटलं. तू कॉलेजात जावंस, म्हणून मी रविवारीही कॉलर कापल्या. ‘छान.’ मलाही कधीतरी कुणी शिकवावं, असं वाटायचं. ‘पुन्हा टोपी!’ तू शिकवतेस तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसावं, एवढ्यासाठी मी नाव घातलं. ‘बरोबर.’ मी यावं, असं मुलाला वाटत होतं; मला जायचंय का, हे कुणीच विचारलं नाही. ‘रेघ नीट मारा.’

प्रत्येक ओळीला त्यांचाच लाल शेरा. मॅडमना स्वतःच्या अक्षराची शिसारी आली. पाणी आलेल्या डोळ्यांनी त्यांनी शेवटचं पान काढलं. ते गेल्या सोमवारचं होतं, दहावं वाक्य.

तू मला ‘राहा’ म्हणावंस, असं मला फार वाटतं.

त्याच्यापुढे लाल पेनानं, ठसठशीत: ‘शाब्बास! फक्त शेवटी एक एस राहिला.’

तासाभरानं ताई आली. हातात फोटोंचं पाकीट होतं आणि फोटोत ती रागावलेलीच दिसत होती. मॅडम दारातच उभ्या होत्या. चपला काढायलाही त्यांनी तिला वेळ दिला नाही.

“ताई, राहा.”

“मॅडम सांगताहेत, की बारकी सांगतेय?”

“बारकी सांगतेय. मला तू हवी आहेस इथं. मला वाटलं, तुला लेकाकडे जायचंय. मी मूर्ख आहे गं. चोपन्न वर्षांची मूर्ख.”

“ते मला माहीत आहे,” ताई म्हणाली. “मुलाशी मी बोलते. महिनाभर नातवंडं बघून येईन. आणि शनिवारी परीक्षेला जाणारच आहे. अर्धवट टाकायची मला सवय नाही.”

मग ती टेबलाशी आली. वहीत शेवटच्या वाक्याखाली नवी ओळ होती. लाल शेरा खोडून खाली मराठीत लिहिलं होतं: ‘ताई, जाऊ नकोस. राहा.’ ताईनं चष्मा लावला आणि ओळ दोनदा वाचली. मग तिनं पेन्सिल घेतली आणि ‘राहा’च्या खाली रेघ मारली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण उशिरा दिलीस. निम्मे मार्क कापले.”