लोर्पू झायझाय यांच्या हातातला हातोडा

मी एक जुना लाकडी हातोडा आहे. सुताराचा नव्हे, सभापतींचा. आयुष्यात मी एकही खिळा ठोकला नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आमच्या राजधानीतल्या सिनेटमध्ये टेबलावर पडून राहायचे आणि गलका वाढला की लाकडी पाटावर आपटायचे, एवढेच माझे काम. मला घडवले टोक्पा नावाच्या म्हाताऱ्या सुताराने. पाम तेल चोळून मला त्याने असे चकचकीत केले होते, की पहिल्या दिवशी सभापतींच्या हातून मी निसटलोच!

मित्रांनो, माझ्या बाबतीत मोठेपणा सांगण्यासारखे फारसे काही नाही. पण ज्या बाईंमुळे माझ्या आयुष्याला अर्थ आला, त्या लोर्पू झायझाय यांची हकिकत तुम्हांला सांगतो.

लोर्पू आतल्या डोंगराळ जिल्ह्यातून सिनेटर म्हणून निवडून आल्या. त्याआधी त्या सुईण होत्या. पहिल्याच भाषणाला उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आमच्या गीबा नदीवर पूल नाही. अडलेल्या बाईला होडीतून पलीकडे न्यावं लागतं..."

"बसा, बाई! वेळ संपली," तेव्हाचे सभापती म्हणाले आणि त्यांनी मला आपटले. बाईंची तीन वाक्येही झाली नव्हती. मला फार वाईट वाटले. पण हातोड्याला कोण विचारतो?

किनाऱ्यावरचे सिनेटर वेस्से न्यानफोर थट्टेखोर होते. ते मागून ओरडले, "पूल कशाला हवा? नवऱ्याला सांगा, खांद्यावर बसवून नेईल!"

सगळे हसले. लोर्पू वळून शांतपणे म्हणाल्या, "माझा नवरा त्याच नदीत बुडाला, वेस्सेदादा."

दुसऱ्या दिवशी न्यानफोर त्यांच्या बाकापाशी कोलाची फळे घेऊन आले; आमच्याकडे समेट करायचा तर ती देतात. "जीभ घसरली माझी. माफी असावी," ते म्हणाले. बाईंनी एक फळ उचलले, अर्धे मोडून त्यांना दिले. त्यानंतर दोघे सभागृहात कडकडून भांडत आणि बाहेर, आमच्याकडचे मित्र करतात तसे, एकमेकांशी हात मिळवून बोटांची चुटकी वाजवत.

वर्षे गेली. लोर्पूंच्या जिल्ह्याने त्यांना पुन्हा निवडून दिले. दोन सिनेटर हमरीतुमरीवर आले की बाई दोघांनाही कॅन्टीनमध्ये नेत, डंबॉय, म्हणजे उकडून कुटलेल्या कसाव्याच्या कंदाचा चिकट गोळा, आणि तिखटजाळ रस्सा पुढे ठेवत आणि म्हणत, "आधी गिळा, मग भांडा." तोंडात डंबॉय असला की भांडता येत नाही, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. म्हणूनच सभापतींची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा विरोधकांनीही त्यांनाच मते दिली.

"आता तुम्ही आम्हांला खाली बसवणार!" न्यानफोर म्हणाले.

"मी ऐकणार, दादा. बसायचं की नाही ते तुमच्या गुडघ्यांना विचारा," असे म्हणून लोर्पूंनी मला पहिल्यांदा उचलले. त्यांचा तळवा खरखरीत आणि उबदार होता.

अखेर गीबाच्या पुलाचे विधेयक सभागृहात आले. त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि किनाऱ्याकडच्या सिनेटरांच्या गाड्या वाटेत चिखलात अडकल्या होत्या. लोर्पूंच्याच पक्षाचे गायफ्लोर खुर्चीजवळ येऊन कुजबुजले, "महोदया, आत्ताच मतं घ्या! विरोध करायला कुणी नाही. एक ठोका मारा, की पूल आपला."

त्यांनी मला उचलले. सगळ्या आयुष्याची तळमळ त्या मुठीत होती. मला वाटले, मारा, बाई, मारा! तेवढ्यात दारात न्यानफोर दिसले. गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकत हात वर केलेला.

"चर्चा संपली!" गायफ्लोरांची माणसे ओरडली.

लोर्पूंनी मला अलगद खाली ठेवले. "संपली की नाही, ते मी ठरवते. बोला, सिनेटर न्यानफोर."

"पूल करा," न्यानफोर म्हणाले, "पण नकाशातला तो मातीचा भराव नको. पाणी तुंबेल आणि एखाद्या रात्री फुटून खाली येईल. खाली आमची कोळ्यांची वस्ती आहे. पोरं झोपलेली असतात हो तिथे!"

लोर्पूंनी डोळे मिटले. मग विधेयक दुरुस्तीसाठी समितीकडे पाठवले.

गावाकडे संताप उसळला. त्यांची धाकटी बहीण कोर्तो राजधानीत आली आणि दालनाच्या दारातूनच कडाडली, "खुर्ची मिळाली आणि गाव विसरलीस! भावजींचा तरी विचार करायचास!"

"रोज करते," लोर्पू म्हणाल्या. "म्हणून तर दुसऱ्या कुणाच्या घरात पाणी शिरू द्यायचं नाही. ये, जेवून घे."

कोर्तो जेवली नाही. रडत निघून गेली. त्या दिवशी लोर्पू कितीतरी वेळ मला हातात धरून बसल्या होत्या.

पुढच्या अधिवेशनात नवा नकाशा आला: उंच खांब, भराव नाही. विधेयक मांडले खुद्द न्यानफोरांनी. एकही मत विरोधात गेले नाही. लोर्पूंनी मला असे जोरात आपटले, की माझ्या मानेला तडा गेला. मित्रांनो, तसा तडा पुन्हा जाणार असेल, तर मी आनंदाने तयार आहे!

पूल झाला. कारकून सांगत होते, की पहिल्या दिवशी कोर्तोने आपली कसाव्याची टोपली न्यानफोरांच्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं अडवलंत, आता ओझं वाहा!" ते हसत हसत पलीकडे गेले. मागून लोर्पू चालत होत्या, सावकाश, कठड्याला हात लावत.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत आणि मी काचेच्या कपाटात आहे. माझ्यावर धूळ बसते, तडा रुंदावतो आहे. जमले तर अधूनमधून मला थोडे तेल लावा. आणि मित्रांनो, वर्गात, खेळात किंवा घरात निवाडा करायची पाळी तुमच्यावर आली आणि दारात कुणी धापा टाकत हात वर करून उभा असला, तर त्याला आत येऊ द्या. त्याचे बोलून होऊ द्या. मग काय तो ठोका मारा.